दोन तारा आणि 48 व्होल्ट : आमची वाटचाल

1991 साली अण्णांनी कराडला एसटी स्टँडजवळ एसटीडी पीसीओ, म्हणजे पैसे देऊन बाहेरगावी फोन करायचा बूथ, टाकला तेव्हा मी नववीत होतो. पिवळा बोर्ड, काचेची केबिन, बाहेर लाल आकड्यांचं मशीन, पल्स पडेल तसं बिल वाढायचं. रात्री उशिरा रेट कमी व्हायचे म्हणून खरी गर्दी तेव्हाच. मुंबईत माथाडी काम करणाऱ्या पोरांचे आईवडील पायरीवर बसून असायचे, तिकडे खोलीशेजारच्या दुकानात फोन लावायचा, दुकानदार पोराला हाक मारायला जायचा आणि तेवढा वेळ इकडे म्हातारीची नजर त्या लाल आकड्यांवर.

सेट बिघडला की दुरुस्तीला माणूस मिळायचा नाही. तेव्हा एक निवृत्त लाइनमन काका दुकानात येऊन बसायचे, त्यांनी मला शिकवलं. मल्टिमीटर हातात दिला आणि म्हणाले, रिसीव्हर ठेवलेला असताना दोन तारांमध्ये 48 व्होल्ट दिसले पाहिजेत, उचलला की आठ-नऊवर येतात, एवढं समजलं की निम्मे फॉल्ट घरबसल्या कळतील. आणि बेल वाजते ती 75 व्होल्ट एसीवर, हे मात्र मला वेगळ्या तऱ्हेने कळलं, मी तार दातांनी सोलत होतो आणि नेमका त्याच वेळी कुणीतरी फोन केला. जबडा संध्याकाळपर्यंत बधिर होता.

जुन्या काळ्या सेटच्या माउथपीसमध्ये कोळशाची रवाळ पूड असायची. आपण बोललो की पातळ पडदा थरथरतो, पूड दाबली जाते, सैल होते, तिच्यातून जाणारा करंट तसा तसा कमीजास्त होतो आणि तोच करंट पलीकडच्या कानाशी जाऊन पुन्हा आवाज होतो. पावसाळ्यात पूड ओली होऊन गठ्ठा व्हायची, आवाज विहिरीतून आल्यासारखा यायचा, मग कॅप्सूल काढून तळहातावर दोनचारदा आपटली की काम झालं. डायलचं पण असंच सोपं, 5 फिरवला तर लाइन पाच वेळा तुटते, 0 ला दहा वेळा, एक्स्चेंज तेवढं मोजतं. नंतर बटणं आली, प्रत्येक बटणाला दोन सूर एकत्र. मला अजून वाटतं की इतकी साधी आणि इतकी टिकाऊ वस्तू माणसाने फार कमी बनवलीये.

1995 मध्ये देशात मोबाईल आला पण आमच्याकडे फरक पडला तो 2003 ला इनकमिंग फ्री झालं तेव्हा. दोन वर्षांत बूथ रिकामा. अण्णांनी केबिन विकली नाही, काचा काढून तिचं कपाट केलं. आम्ही इंटरकॉमच्या कामात शिरलो, लॉज, दवाखाने, साखर कारखान्यांची ऑफिसं. एका दवाखान्यात आम्ही नवं ईपीएबीएक्स, म्हणजे आतले फोन एकमेकांना आणि बाहेरच्या लाइनला जोडणारं मशीन, बसवलं, वळवाच्या पावसात वीज पडली, लाइनमधून आत आली आणि मशीनमधली तीन सर्किट कार्डं जळाली. सप्लायरने वॉरंटी नाकारली. पैसे आम्ही भरले, 38 हजार, तेव्हा ते फार होते, आईच्या पाटल्या मोडल्या. तेव्हापासून अर्थिंग आणि अरेस्टर (लाइनमधून आलेली वीज जमिनीत वळवणारा भाग) असल्याशिवाय आम्ही मशीन चालूच करत नाही, ग्राहक कितीही घाई करो.

आता निम्म्याहून जास्त काम फायबरचं आहे. केसाएवढी काच, त्यातून प्रकाश जातो, स्पीडला तोड नाही. पण काचेतून वीज जात नाही हो! तांब्याच्या तारेत फोनला लागणारा करंट एक्स्चेंजच्या बॅटऱ्यांमधून यायचा म्हणून गावातली लाईट गेली तरी फोन चालू असायचा, फायबरचा डबा मात्र तुमच्या घरच्या प्लगवर चालतो. मागच्या पावसाळ्यात एका वस्तीवरच्या आजी म्हणाल्या, "बाबा, पूर्वी अंधारात पण फोन लागायचा, आता का नाही?" एकट्याच राहतात, मुलगा पुण्यात. त्यांना 12 व्होल्टचा छोटा यूपीएस लावून दिला, डब्याला चारेक तास पुरतो. त्या दिवसापासून एकटी म्हातारी माणसं असतील तिथे आम्ही यूपीएसशिवाय कनेक्शन जोडत नाही, नफा न घेता देतो.

अण्णा आता 81 चे आहेत. काउंटरवर काळा डायलचा सेट आहे, इंटरकॉमला जोडलेला, चालू. सकाळी दुकानात आले की आधी रिसीव्हर कानाला लावतात, डायल टोन ऐकतात आणि मग खुर्चीत बसतात.