वळू सोडायचा दिवस

22 जुलै, सस्कॅचेवान, कॅनडा

आज सकाळी वळू गायींच्या कळपात सोडले. गेल्या वर्षापर्यंत हे काम एप्रिलअखेरीस उरकायचं. यंदा फाटक तीन महिने बंद ठेवलं. गाय साधारण 283 दिवस गाभण राहते. आजपासून मोजलं तर पहिली वासरं फेब्रुवारीऐवजी 1 मेच्या सुमारास.

मालकांना पटवण्यात दोन हिवाळे गेले. त्यांचं म्हणणंही खोटं नव्हतं. फेब्रुवारीतलं वासरू शरदातल्या बाजारात वजनाला भरतं, आणि मेमध्ये पेरणीच्या धांदलीत गायींकडे बघायचं कोणी? पुढच्या वर्षी वासरं हलकी भरणार, हा फटका मीही नाकारला नाही.

पण गेल्या वर्षीच्या फेब्रुवारीतली ती रात्र माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. उणे 34. एक पहिलारू गाय आडोसा सोडून उघड्यावर व्यायली. मी पोहोचलो तेव्हा वासराच्या ओल्या केसांवर बर्फ धरला होता. तोंडात बोट घातलं, तर तोंड गार आणि चोखायची ओढच नाही. गाडीत पायाशी ठेवून हीटर लावला, घरी टबात कोमट पाण्यात धरून बसलो, मग नळीने चीक पाजला. चिकातली रोगाशी लढणारी द्रव्यं आतड्यातून रक्तात उतरतात ती पहिल्या काही तासांत. दिवस उलटला की ती वाट बंद. गारठलेलं वासरू नेमके हेच तास गमावतं. त्या आठवड्यात आणखी दोन वासरं आम्हाला वाचवता आली नाहीत.

आमच्या सांगलीकडच्या गोठ्यात दोनच गायी. माजावर आली की डॉक्टरांना बोलवायचं. विण्याचा महिना कोणी निवडत नसे, तशी गरजही नव्हती. इथे ती निवड करावीच लागते.

चाऱ्याचा हिशोबही माझ्या बाजूचा आहे. व्यायल्यावर दोनेक महिन्यांत गाईचं दूध भरात येतं, तेव्हा तिला सगळ्यात जास्त खायला लागतं. फेब्रुवारीत व्यायली तर ती भूक साठवलेल्या वाळल्या गवतावर भागवायची. मेमध्ये व्यायली तर समोर कुरणच हिरवं. मेमध्येही इथे बर्फ पडतो, चिखल होतो, पण तो गारठा एका उन्हात सरतो.

ते वासरू जगलं. दोन्ही कानांची टोकं मात्र गळून पडली. आज फाटकातून वळूंच्या पुढे चालत गेलेल्या कालवडींत ती आखूड कानांची होती.