गेज: आधी ‘ए’, मग ‘यू’

‘गेज’चं स्पेलिंग लिहिताना भल्याभल्यांची गाडी घसरते. बरोबर आहे जी-ए-यू-जी-ई. पण ‘गार्ड’ आणि ‘गॅरंटी’त ‘जी’मागोमाग ‘यू’ येतो, हाताला तीच सवय, मग इथेही ‘यू’ ‘ए’च्या आधी घुसतो. बरं, ‘ए-यू’ बघून ‘गॉज’ म्हणावं, तर ते जखमेवर ठेवायचं जाळीदार कापड!

अमेरिकी तांत्रिक लिखाणात ‘यू’ गाळून नुसतं जी-ए-जी-ई लिहिलेलंही दिसतं, विशेषतः स्ट्रेन गेज (वस्तू किती ताणली ते मोजणारं), गेज ब्लॉक (मापं तपासायचा अचूक ठोकळा) अशा शब्दांत. अर्थ तोच. त्यामुळे डेटाशीट (वस्तूचं तांत्रिक माहितीपत्रक) शोधताना दोन्ही स्पेलिंगं टाकून बघा. याच चार अक्षरांचा ‘तारण’ अशा अर्थाचा एक जुना शब्दही आहे. ‘मॉर्गेज’च्या शेपटाला तोच चिकटलाय.

मोजायचं साधन हा सरळ अर्थ: प्रेशर गेज, रेन गेज. रेल्वेत गेज म्हणजे दोन रुळांच्या आतल्या कडांमधलं अंतर. ब्रॉडगेज 1676 मिमी, मीटरगेज 1000, माथेरानची गाडी 610.

खरा घोळ पत्र्यात आणि तारेत. इथे आकडा वाढला की जाडी घटते. तार साच्यातून ओढून ओढून बारीक करतात. जितक्या जास्त वेळा ओढली तितका नंबर वर, अशी ही जुनी मोजणी. म्हणून भांड्यांच्या दुकानात ‘हेवी गेज’ म्हणजे जाड पत्रा, पण नंबर लहान.

त्यात ब्रिटिश एसडब्ल्यूजी (स्टँडर्ड वायर गेज) आणि अमेरिकी एडब्ल्यूजी (अमेरिकन वायर गेज) हे तारेच्या जाडीचे दोन वेगळे तक्ते. 18 नंबरची तार एसडब्ल्यूजीत 1.219 मिमी, एडब्ल्यूजीत 1.024. फरक किरकोळ वाटतो, पण तांब्याचं क्षेत्रफळ जवळजवळ 30 टक्क्यांनी कमी होतं. मोटार रिवाइंड करताना, म्हणजे आतली जुनी तार काढून नवी गुंडाळताना, एसडब्ल्यूजीच्या जागी तोच नंबर एडब्ल्यूजीचा भरला, तर वेढे तेवढेच बसतात, मोटार फिरतेही, आणि लोड आला की वाइंडिंग तापतं. नुसतं ‘18 गेज द्या’ म्हणू नका, मिमी सांगा. जुन्या तारेची जाडी मायक्रोमीटरने घेणार असाल तर टोकावरचं इनॅमल (तारेवरचा इन्सुलेशनचा पातळ लेप) आधी हलकेच खरवडा. त्याच्यासकट मोजली की तार आहे त्याहून जाड भरते.