व्होर्म्स: राशीच्या नावाची खोली

माइन्झहून रेल्वेने व्होर्म्स तासाभराच्या आत येतं. ऱ्हाईनकाठच्या या जर्मन गावात बहुतेक लोक कॅथीड्रलसाठी आणि ख्रिस्ती धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरसाठी येतात. मी थेट 'युडनगासं' या ज्यूंच्या जुन्या गल्लीत गेलो. हिब्रू बायबल आणि तालमुद (ज्यू धर्मनियमांवरच्या चर्चांचा मोठा ग्रंथ) यांचा थोर भाष्यकार राशी, म्हणजे रब्बी श्लोमो यित्झाकी, तरुणपणी इथे शिकला. जन्म १०४० चा, फ्रान्समधल्या त्रुआ गावचा.

सिनेगॉगला, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळाला, लागून 'राशी चॅपल' आहे. आत एक दगडी आसन, राशीचं म्हणून दाखवतात. आता खोलीच मुळी १६२४ ची, आणि राशी वारला ११०५ मध्ये! शिवाय नाझींच्या काळात इथलं सगळं उद्ध्वस्त झालं. सिनेगॉग १९६१ मध्ये जुने दगड वापरून पुन्हा उभं राहिलं. बाहेरच्या भिंतीत एक कोनाडा आहे. राशीच्या वेळी गरोदर असलेली त्याची आई अरुंद गल्लीत गाडीखाली सापडणार, तेवढ्यात भिंतीने मागे सरून तिला जागा दिली, अशी दंतकथा. भाष्यकार आणि हलणारी भिंत ही जोडी आळंदीकरांना नवी नाही. मला तो कोनाडा आसनापेक्षा जास्त आवडला.

गावाच्या दुसऱ्या टोकाला 'हायलिगर सांड' ही ज्यू दफनभूमी. तिथला सर्वांत जुना वाचता येणारा दगड १०५८-५९ चा, म्हणजे राशी शिकायला आला त्याच्याही आधीचा. १०९६ मध्ये पहिल्या क्रुसेडच्या, म्हणजे ख्रिस्ती धर्मयुद्धाच्या, झुंडींनी इथल्या ज्यूंची कत्तल केली, तेव्हा तो त्रुआला परतून बरीच वर्षं झाली होती.

पाऊस थांबल्यावर बाकावर बसून फोनवर तालमुदचं एक पान उघडलं. खरा राशी भेटतो तो इथे. मधोमध मूळ मजकूर, आतल्या बाजूला राशी, बाहेरच्या बाजूला 'तोसाफोत', म्हणजे त्याच्या नातवांच्या आणि पुढच्या पिढ्यांतल्या पंडितांच्या टिपा. व्हेनिसच्या बोम्बेर्ग छापखान्याने १५२० ते १५२३ दरम्यान अख्खा तालमुद या मांडणीत छापला, तेव्हापासून ती रूढ आहे. राशी मोजकं लिहितो, अडलेल्या जागी बोट ठेवतो आणि पुढे जातो. बायबलमधल्या 'उत्पत्ती' या पुस्तकाच्या २८ व्या अध्यायात रिबकेला 'याकोब आणि एसाव यांची आई' म्हटलंय. हे तर वाचकाला आधीच ठाऊक, मग पुन्हा का सांगितलं? राशी सरळ लिहून टाकतो: यातून काय शिकवायचंय, मला माहीत नाही. आपल्याकडच्या किती टीकाकारांनी असं लिहिलं असतं?

तालमुदच्या पानावर शेजारच्या तोसाफोतच्या रकान्यात याकोब, म्हणजे 'रब्बेनू ताम' हा नातू, आजोबांचा अर्थ बिनदिक्कत खोडून काढतो. दुसरा नातू श्मुएल, ऊर्फ राशबाम, बायबलवरच्या स्वतःच्या भाष्यात सांगतो की त्याने आजोबांशी समोरासमोर वाद घातला होता. त्यावर राशीने कबूल केलं की रोज नवनवे सरळ अर्थ पुढे येताहेत, सवड असती तर मला भाष्यं नव्याने लिहावी लागली असती.