चर्च स्ट्रीटवरची सुरांची खोली

न्यूयॉर्कच्या यादीत संग्रहालये होती, पूल होते, पण माझ्यासाठी सगळ्यात वर होता एक पत्ता: 275 चर्च स्ट्रीट. किराणा घराण्याचे गाणे ऐकत मोठे झालेल्या कोणालाही हा पत्ता माहीत असायला हवा असे मला वाटते. का, ते पुढे येईलच.

फ्रँकलिन स्ट्रीट स्टेशनला उतरून पूर्वेकडे चालायला लागले. ट्रायबेका हा भाग एकेकाळी गोदामांचा आणि कारखान्यांचा. आता इथली घरे श्रीमंतांची आहेत, पण जुन्या इमारतींचे उंच मजले तसेच आहेत. साठच्या दशकात कलावंत इथे राहायला आले ते या मोठमोठ्या मजल्यांसाठी. संगीतकार ला मॉन्ट यंग आणि त्यांच्या पत्नी, प्रकाशाचे काम करणाऱ्या कलावंत मॅरियन झझीला, 1963 मध्ये या इमारतीत आले. 1993 मध्ये त्यांनी वरच्या मजल्यावर ‘ड्रीम हाउस’ उघडले, अखंड वाजणाऱ्या सुरांची आणि प्रकाशाची ही खोली. मॅरियन 2024 मध्ये गेल्या.

रस्त्यावरून पाहिले तर काहीच कळत नाही. साधे दार, अरुंद आणि चढा जिना. वर जाता जाता भिंतीतून घरघर यायला लागते. दाराशी बूट काढायचे, देणगी द्यायची आणि आत जायचे. आत सगळे किरमिजी. खिडक्यांवरही त्याच रंगाचा थर, त्यामुळे बाहेरचा दिवससुद्धा किरमिजी होऊनच आत येतो. खाली गालिचा, टेकायला उशा, मोठे स्पीकर. छतापासून लटकणाऱ्या धातूच्या पातळ वेटोळ्यांच्या सावल्या भिंतीवर पडतात. सावली कुठली आणि वेटोळे कुठले, हे बराच वेळ ओळखू येत नाही.

आणि आवाज. पहिल्या क्षणी तो नुसता प्रचंड वाटतो. मग मान वळवली आणि सूर बदलला! पुन्हा वळवली, दुसराच स्वर वर आला. हळूहळू डोके हलवत राहिले तर चक्क धून तयार होत होती. थांबले की धूनही थांबली आणि एकच स्वरपुंज गोठल्यासारखा उभा राहिला.

यात चमत्कार काही नाही, आणि म्हणूनच मला ते जास्त सुंदर वाटते. स्पीकरमधून येतात त्या शुद्ध साइन लहरी, म्हणजे प्रत्येकी एकाच कंपनसंख्येच्या, न बदलणाऱ्या. बंद खोलीत त्या भिंतींवर आपटून परत येतात, येणारी आणि परतणारी लहर एकमेकींत मिसळते आणि अप्रगामी, म्हणजे जागच्या जागी उभे राहणारे, तरंग तयार होतात. काही जागी आवाज जोरात, काही जागी जवळजवळ नाहीसा. शाळेत प्रस्पंद आणि निस्पंद म्हणून आकृत्या काढल्या होत्या, तेच. 1000 हर्ट्झच्या स्वराची लहर सुमारे 34 सेंटिमीटर लांब असते, म्हणजे एका शांत जागेपासून पुढची शांत जागा 17 सेंटिमीटरवर. माणसाच्या दोन कानांतले अंतर साधारण तेवढेच! म्हणून मान जराशी वळली की वरचे स्वर अदलाबदल करतात, दोन कानांना दोन वेगळे पुंज ऐकू येतात. याउलट 60 हर्ट्झची लहर साडेपाच मीटरहून लांब. तिच्यासाठी मान पुरत नाही, उठून चालावे लागते. मी भिंतीच्या कडेने चालले. कोपऱ्यात खर्ज अंगावर आला, आणि मधे एका ठिकाणी खालचा आधार काढून घेतल्यासारखे झाले. दुसरे कोणी आत येऊन बसले तरी वरचे स्वर हलत, कारण माणसाचे शरीरही लहरींच्या वाटेत येते.

म्हणजे संगीतकाराने इथे सूर लावून ठेवला आहे आणि बढत, म्हणजे त्या सुराचा विस्तार, ऐकणाऱ्याने करायची आहे, स्वतःच्या पायांनी आणि मानेने.

यंग यांचा जन्म 1935 चा, आयडाहो राज्यातल्या बर्न या छोट्या वस्तीत, लाकडी ओंडक्यांच्या घरात. फटींतून शिरणाऱ्या वाऱ्याचा आवाज आणि विजेच्या ट्रान्स्फॉर्मरची घुंई या आपल्या पहिल्या सांगीतिक आठवणी, असे ते सांगत आले. 1960 मध्ये त्यांनी एक रचना लिहिली, तिच्यात फक्त दोन स्वर, षड्ज-पंचमाच्या अंतराचे, आणि सूचना एवढीच की ते दीर्घकाळ धरून ठेवा. पुढे कासवाच्या टाकीतल्या मोटरच्या गुणगुणीवरही त्यांनी वाद्यवृंदाचा सूर बांधला. अमेरिकेतली वीज 60 हर्ट्झची, तेव्हा त्या शहरातली विजेची बरीच यंत्रे एकाच सुराशी जुळून गुणगुणतात. त्याच्याशी भांडण्यापेक्षा त्यालाच षड्ज मानणे, हा विचार मला फार आवडतो.

आणि आता किराणा. पंडित प्राणनाथ हे उस्ताद अब्दुल वहीद खाँ यांचे शिष्य, म्हणजे आपल्या हिराबाई बडोदेकरांचे गुरुबंधू. 1970 मध्ये ते न्यूयॉर्कला आले तेव्हा यंग आणि झझीला त्यांचे शागीर्द झाले, गंडा बांधून, आणि 1996 मध्ये गुरूंचे निधन होईपर्यंत शागीर्दच राहिले. एकेका स्वरावर ठाण मांडून बसणारे वहीद खाँसाहेबांचे गाणे आणि ही खोली यांत मला अंतर वाटलेच नाही.

एक मोठा फरक मात्र आहे. जुळलेल्या तानपुऱ्यात जो स्वयंभू, म्हणजे न छेडता आपोआप उमटणारा, गंधार ऐकू येतो तो तारेचा पाचवा उपस्वर, म्हणजे मूळ सुराच्या पाचपट कंपनांचा. यंग यांनी आपल्या सुप्रसिद्ध पियानोरचनेत स्वरांच्या गुणोत्तरांतून 5 हा अंकच वगळला आणि 2, 3, 7 यांवर सगळा डोलारा उभा केला. इथल्या रचनेचे शीर्षक तर परिच्छेदभर लांब आहे आणि त्यात सुरुवातीलाच 9:7:4 हे गुणोत्तर आणि 224 ते 288 मधल्या मूळ संख्या येतात. 281 आणि 283 अशा अगदी शेजारच्या संख्यांचे स्वर एकत्र वाजले की थरथर उठते. मी गंधार शोधत राहिले. सापडला नाही. त्याच्याऐवजी सातव्या उपस्वराचा, आपल्या कोमल निषादापेक्षाही उतरलेला निषाद ओळखीचा वाटायला लागला, आणि बाहेर पडेपर्यंत तो मला बेसूर वाटेनासा झाला होता.

कोणी जाणार असेल तर दोन गोष्टी सांगते. पहिली, डोळे मिटून ध्यानाला बसू नका, निदान सुरुवातीला तरी. या खोलीत हालचाल हेच वादन आहे. पडून ऐका, उभे राहून ऐका, भिंतीला कान लावा. दुसरी, आवाज खरोखर मोठा आहे. कान नाजूक असतील तर बोळे जवळ ठेवा आणि स्पीकरपासून लांब बसा, खर्ज तरीही गालिच्यातून पाठीला जाणवतो.