कॅमेरा कुठे उभा होता?

कोल्हापुरात बसून चित्रपटाविषयी लिहायचे म्हटले की बाबूराव पेंटरांपासून सुरुवात करण्याचा मोह होतोच, आणि या विषयात तो टाळण्याचे कारणही नाही. १९२० साली त्यांच्या ‘सैरंध्री’तील कीचकवध पडद्यावर इतका हुबेहूब उतरला की तो प्रसंग सेन्सॉरला कापावा लागला, आणि हाच चित्रपट पाहून लोकमान्य टिळकांनी त्यांना ‘सिनेमा केसरी’ म्हणून गौरवले. ज्या हुबेहूबपणाचा गौरव, त्याचीच काटछाट, हा पेच युद्धपटांच्या बाबतीत शंभर वर्षांनंतरही सुटलेला नाही.

सेन्सॉर मंडळाचे काम त्या मानाने सोपे म्हणावे लागेल. २०२३ च्या कायदादुरुस्तीने ‘यूए’ (पालकांच्या मार्गदर्शनाने पाहण्याच्या) प्रमाणपत्राचे ७, १३ आणि १६ वर्षे असे तीन टप्पे पाडले. म्हणजे कोणत्या वयाला काय दाखवावे, हे ठरले की त्यांचा प्रश्न मिटतो. समीक्षकाला मात्र रक्त किती सांडले यापेक्षा ते सांडताना कॅमेरा कुठे उभा होता, हे पाहावे लागते.

या दृष्टीचा सर्वांत कठोर नमुना १९६१ सालचा आहे. जिलो पोंतेकोर्व्हो यांच्या ‘कापो’ या नाझी छळछावणीवरील चित्रपटात एक कैदी स्त्री विजेच्या तारांवर झेप घेऊन मरते, आणि त्यानंतर कॅमेरा पुढे सरकून तिचा देह नीट चौकटीत बसवून घेतो. झाक रिव्हेत या फ्रेंच समीक्षकाने लिहिले की अशा क्षणी तो उचललेला हात चौकटीच्या कोपऱ्यात नेमका यावा म्हणून कॅमेरा सरकवणारा माणूस केवळ तिरस्कारास पात्र आहे. त्या प्रसंगात रक्तपात जवळपास नाही. रिव्हेत यांचा आक्षेप आहे तो मरणाची देखणी मांडणी करण्याला. पुढे सर्ज दाने या समीक्षकाने हे वाक्य आयुष्यभराचा दंडक मानले, आणि गंमत अशी की त्यांनी ‘कापो’ कधी पाहिलाच नव्हता, हे त्यांनी स्वतःच सांगितले आहे. न पाहिलेल्या चित्रपटावर इतकी निष्ठा मला थोडी धोक्याची वाटते.

दुसऱ्या महायुद्धावरील ‘सेव्हिंग प्रायव्हेट रायन’ने १९९८ साली हा प्रश्न उलट्या बाजूने उभा केला. फ्रान्सच्या ओमाहा किनाऱ्यावर अमेरिकन सैन्य उतरते, त्या सुरुवातीच्या सुमारे २४ मिनिटांत कॅमेरा सैनिकांच्याच उंचीवर, हातात धरलेला, धडपडणारा आहे. शटरचा कोन कमी ठेवल्यामुळे, म्हणजे प्रत्येक चित्र टिपताना प्रकाश कमी वेळ आत घेतल्यामुळे, उडणारी वाळू आणि हालचाली तुटक दिसतात. समीक्षकांनी त्याचे भरभरून कौतुक केले, तरी त्यानंतरचा चित्रपट नेहमीच्या शौर्यकथेच्या वाटेने जातो, ही तक्रारही तेव्हाच झाली होती आणि ती मला पटते.

शिरोळ तालुक्यातील सैनिक टाकळीचे एक निवृत्त सुभेदार आमच्या नात्यातले, मी त्यांना मामा म्हणतो. काही वर्षांपूर्वी एक हिंदी युद्धपट आम्ही एकत्र पाहिला. मागच्या रांगांतून शिट्ट्या चालू होत्या आणि मामा मात्र गप्प होते. बाहेर आल्यावर एवढेच म्हणाले, “लढाईत समोरचा दिसतोय कुठं? ह्यांना सगळंच दिसतंय.” ज्या जागी कोणताही सैनिक कधी उभा राहू शकत नाही, तिथून, तेही संथ गतीने, शत्रू कोसळताना दाखवणे ही आपल्याकडच्या युद्धपटांची आवडती युक्ती आहे आणि मामांनी नेमके तिच्यावरच बोट ठेवले होते.

समोरचा दिसावा की नाही, याला एक वेगळे उत्तर त्याच पोंतेकोर्व्हो यांनी १९६६ साली ‘द बॅटल ऑफ अल्जीयर्स’ या फ्रेंच सत्तेविरुद्धच्या अल्जीरियन लढ्यावरील चित्रपटात दिले. अल्जीरियन वस्तीतील स्फोटात मेलेली माणसे आणि फ्रेंच उपाहारगृहातील स्फोटात मेलेली माणसे, दोन्हींच्या देहांवर त्यांनी एकच संगीत वाजवले. ‘कापो’वरून ज्यांची इतकी निर्भर्त्सना झाली, त्यांनीच पुढे हे करून दाखवावे, ही गोष्ट रिव्हेतभक्तांनी जरा अधिक वेळा आठवायला हवी.

‘युद्धदृश्ये अंगावर काटा आणतात’ हे वाक्य आपल्याकडील परीक्षणांत हमखास येते, पण काटा कोणाच्या मरणाने आला, ते सहसा लिहिलेले नसते. मीही ते वाक्य दोनदा लिहिले आहे, आणि दोन्ही चित्रपटांतील शत्रुपक्षाचा एकही चेहरा मला आज आठवत नाही.