सोलापूरहून बाहुल्यांच्या महोत्सवांना: गाडी, तारखा आणि पिंगुळीची वाट

बाहुल्यांचा महोत्सव म्हटला की सोलापूरकर आधी पुण्या-मुंबईच्या जाहिराती चाळतात. त्याआधी कर्नाटक एक्स्प्रेसचे वेळापत्रक बघावे. आपल्या स्टेशनात थांबणाऱ्या या गाडीच्या एका टोकाला बंगळुरू आणि दुसऱ्या टोकाला नवी दिल्ली आहे. देशातले दोन नावाजलेले आंतरराष्ट्रीय बाहुली महोत्सव याच दोन शहरांत होतात. बंगळुरूचा ‘धातु’ संस्थेचा महोत्सव साधारण नव्या वर्षाच्या आगेमागे असतो. दिल्लीत बाहुलीकार दादी पदमजी यांच्या ‘इशारा’ संस्थेचा महोत्सव २००१ पासून होत आला आहे, तो बहुतेक वेळा फेब्रुवारीच्या सुमारास.

पहिल्या खेपेला बंगळुरूच धरावे. अंतर सुमारे ७०० किलोमीटर, म्हणजे एका रात्रीची झोप. दिल्ली त्याच्या दुपटीहून लांब, शिवाय हिवाळ्यात धुक्याने गाड्या रखडतात. बंगळुरूला उतरल्यावर स्टेशनाजवळच्या मॅजेस्टिकहून हिरव्या मार्गाची मेट्रो थेट बनशंकरीला जाते. धातु संस्था त्याच भागात आहे. मात्र खेळ कोणत्या सभागृहात आहे ते त्या वर्षीच्या पत्रिकेवरूनच ठरवायचे. परतीचे तिकीट सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेआधीचे असलेले बरे, कारण संक्रांतीच्या आठवड्यात सोलापूरकडे येणाऱ्या गाड्यांत जागा मिळणे कठीण.

तारखांचा घोळ ठरलेला. रेल्वेचे आरक्षण ६० दिवस आधी उघडते आणि महोत्सवाचा तपशीलवार कार्यक्रम बऱ्याचदा त्यानंतर जाहीर होतो. म्हणून आयोजकांकडून फक्त पहिला आणि शेवटचा दिवस पक्का करून घ्यावा आणि तेवढ्यावर तिकीट काढावे. कोणता खेळ कधी, हे नंतर बघता येते. दुसरी फसगत जुन्या पोस्टरची. त्यावर वर्ष छापलेले नसते आणि दोन वर्षांपूर्वीचे चित्र व्हॉट्सअॅपवर नव्याने फिरू लागते. अशा वेळी वार ताडून बघावा. २१ मार्च हा जागतिक बाहुली दिन २०२५ ला शुक्रवारी होता, २०२६ ला शनिवारी. पोस्टरवरचा वार जुळला नाही तर तिकिटाचे पैसे वाचले म्हणायचे. या दिवसाच्या निमित्ताने लहानमोठे खेळ बऱ्याच शहरांत होतात. त्यांचा शोध फेब्रुवारीच्या मध्यापासून सुरू करावा.

शोधताना नुसते ‘पपेट फेस्टिव्हल’ टाकले की मोठ्या शहरांचेच कार्यक्रम समोर येतात. कर्नाटकातल्या चामड्याच्या छायाबाहुल्यांना ‘तोगलु गोंबेयाट’ म्हणतात, दोऱ्यांच्या बाहुल्यांना ‘सूत्रद गोंबेयाट’. आंध्रात ‘तोलु बोम्मलाट’, केरळात ‘तोलपावकूत्तु’. हे शब्द त्या त्या लिपीत टाकून शोधले की गावातल्या जत्रेतले खेळही सापडतात. लिपी येत नसेल तर पूर्व भागातल्या एखाद्या तेलुगू शेजाऱ्याकडून किंवा अक्कलकोटकडच्या कन्नड बोलणाऱ्या पाहुण्यांकडून टाइप करून घ्यावे. खेळाला जाताना त्यांना बरोबर नेले तर आणखी उत्तम. राम-रावणाची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते, पण किल्लेक्यात आणि बंगारक्का या विनोदी जोडीची टोलेबाजी भाषा कळल्याशिवाय हाती लागत नाही, आणि खेळाची अर्धी गंमत तिथेच असते. पुण्या-मुंबईच्या प्रेक्षकाला हे सुख नाही.

केरळचा खेळ महोत्सवात बघण्यापेक्षा देवळात बघावा. पलक्कड भागातल्या भद्रकालीच्या देवळांत तो जानेवारी ते मे या काळात चालतो. त्यासाठी बांधलेल्या कूत्तुमाडम नावाच्या कायमच्या रंगमंचावर २१ दिव्यांच्या उजेडात कंबरामायण, म्हणजे तमिळ रामायण, रात्रभर चालते. महोत्सवात त्याचाच तासाभराचा तुकडा मिळतो. सोलापूरवरून जाणारी पुणे-कन्याकुमारी गाडी पलक्कडला थांबते.

छायाबाहुल्यांसाठी बसायचे ते पडद्याच्या बरोबर समोर. बाजूने बघितले की आकृत्या आणि रंग फिके पडतात. कळसूत्री बाहुल्या लहान असतात. मोठ्या सभागृहात दहाव्या रांगेच्या मागे त्यांची मान हलते की हात, काही कळत नाही. अगदी पहिल्या रांगेतही मंचाच्या कडेने पाय झाकले जातात. तिसरी-चौथी रांग चांगली. मोबाइलचा फ्लॅश बंद ठेवावा, त्याने पडद्यावरची सावली पुसली जाते आणि फोटोत नुसता पांढरा कपडा उरतो. खेळ संपल्यावर विचारून पडद्यामागे जावे, बहुतेक कलाकार नाही म्हणत नाहीत.

चामड्याची बाहुली विकत घेताना ती उजेडासमोर धरावी. रंग आरपार दिसला पाहिजे. नेताना घडी घालू नये, पडलेली घडी जात नाही. दोन पुठ्ठ्यांत सपाट बांधावी. घरी आल्यावर सोलापूरचा उन्हाळा तिचा शत्रू. पत्र्याखाली किंवा उन्हाच्या भिंतीवर लावली तर कातडे वाळून आक्रसते आणि कडा वर वळतात. खरेदीसाठी धर्मावरम स्थानकाजवळचे निम्मलकुंटा हे बाहुल्या करणाऱ्यांचे गाव बंगळुरूच्याच वाटेवर आहे. तोलु बोम्मलाटासाठी २०२० ची पद्मश्री मिळालेले दलवाई चलपती राव याच गावचे.

आता आपल्या घरचे. सिंधुदुर्गात कुडाळला लागून असलेल्या पिंगुळीत ठाकर समाजाने चित्रकथी (चित्रे दाखवत कथा सांगणे), कळसूत्री आणि चामड्याच्या बाहुल्या, तिन्ही जपले आहेत. २०२१ ची पद्मश्री मिळालेल्या परशुराम गंगावणे यांच्या कुटुंबाने गुरांच्या गोठ्याचे संग्रहालय केले आहे. सोलापूरहून थेट गाडी नाही. सांगोला-मिरजेवरून कोल्हापूर, तिथे मुक्काम, सकाळी फोंडा घाटाने कणकवली आणि पुढे कुडाळ. एका दिवसात हाकायची वाट नव्हे ही, आणि पावसाळ्यात तर घाट चालू आहे का ते कोल्हापूर सोडण्याआधी विचारावे. न कळवता गेलात तर संग्रहालय दिसेल, खेळ दिसेलच असे नाही. हीच माणसे बाहेरगावच्या महोत्सवांना गेलेली असू शकतात. आधी फोन करून किती माणसे येणार ते सांगावे आणि खेळाची बिदागी तेव्हाच ठरवावी. चित्रकथी बघायची असेल तर कोणत्या कथेची पोथी लावणार तेही विचारून घ्यावे. चित्रांचा एका कथेचा संच म्हणजे पोथी, आणि ती पूर्ण ऐकायला वेळ हाताशी ठेवूनच बसावे लागते. बाहुली घेतलीत तर ती बांधायला पुठ्ठे आणि दोरी मात्र घरूनच न्यावी.