माझा अनुभव: 52 चं 25 झालं आणि तीन आठवडे गेले

हाडांच्या स्कॅनच्या रिपोर्टवर माझं वय 52 चं 25 छापलं होतं, तो परवा दुरुस्त होऊन हातात आला म्हणून लिहितेय, डोकं अजून थंड झालेलं नाही तेव्हा सांभाळून घ्या.

पाळी जाऊन तीन वर्षं झाली, आणि आई खुब्याचं हाड मोडून शेवटची दोन वर्षं अंथरुणावरच होती, त्यामुळे हाडांची धास्ती मला आधीपासूनच. पुण्यात बहीण कमी ऑक्सिजनच्या रूममध्ये व्यायामाला जाते, आत ऑक्सिजन 20.9 वरून 15 टक्क्यांच्या आसपास आणतात, म्हणजे साधारण अडीच हजार मीटर उंचीवर चालल्यासारखं. मलाही जावंसं वाटलं, तर नवरा म्हणाला, कशाला पैसे घालवतेस, यवतेश्वर चढून कासला जा की! अहो कास जेमतेम बाराशे मीटर, कळसूबाई घेतलं तरी 1646. आणि ते ऑनलाइन मिळणारे काळे मास्क घेऊ नका, त्यात श्वास नुसता कोंडतो, ऑक्सिजन तेवढाच राहतो.

आमच्या डॉक्टरांनी साफ सांगितलं, कमी ऑक्सिजनने हाडं बळकट होतात असं अजून पक्कं म्हणता येत नाही, हाडाला वजन लागतं, पायऱ्या, उठाबशा, डंबेल. पण त्या रूममध्ये हळू चाललं तरी धाप लागते, माझ्या गुडघ्याला ते बरं, म्हणून करा म्हणाले, सोबत वजनं उचलायची या अटीवर. रूमवाल्यांना ईसीजी, हिमोग्लोबिन, फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा) आणि पन्नाशीपुढच्या बायकांचा डेक्सा, म्हणजे हाडं किती भरीव आहेत ते बघणारा स्कॅन, लागतो. बाकी सगळं एका सकाळीत झालं.

डेक्साला मात्र अडकले. स्कॅन दहा-पंधरा मिनिटांचा, झोपून राहायचं, दुखत नाही काही. (आदल्या दिवसापासून कॅल्शियमची गोळी बंद ठेवा, मला कुणी सांगितलं नव्हतं, एक फेरी त्यातच गेली.) संध्याकाळी रिपोर्ट घेतला, कमरेचा टी-स्कोर (हाडांच्या भरीवपणाचा आकडा) उणे 1.9, खुब्याचा उणे 1.4. उणे 1 ते उणे 2.5 च्या मधे म्हणजे हाडं विरळ व्हायला लागलीत, ऑस्टिओपोरोसिस नाही. हुश्श म्हणून घरी आले, चष्मा लावून परत बघते तर वय 25!

दुसऱ्या दिवशी काउंटरला गेले तर तिथला पोरगा हसत म्हणतो, "काकू, तरुण केलंय तुम्हाला, तक्रार कसली?" आधी तर काकू, त्यात हे. मग टेक्निशियन बाहेर आला, म्हणाला टी-स्कोर तरुण बाईच्या हाडाशीच ताडून बघतात, वय चुकलं तरी तो बदलत नाही. बरोबर होतं त्याचं, आता कबूल करते. पण झेड-स्कोर आपल्याच वयाच्या बायकांशी ताडतात, तो सगळा चुकला होता, आणि रूमच्या डॉक्टरांनी कागद बघूनच परत केला, हा तुमचा रिपोर्टच नाही म्हणाले. पुढे फ्रॅक्चरचा धोका काढतात त्यातही वय लागतंच ना.

मग सुरू झालं. सर गुरुवारी सही करतात. गुरुवारी गेले, सर आले नाहीत. पुढच्या गुरुवारी सर होते पण आधारची झेरॉक्स आणि अर्ज पाहिजे. अर्ज लिहिला, पायरीवर बसून, गुडघ्यावर वही ठेवून. मग म्हणे बिलातच 25 पडलंय, बिल रद्द केल्याशिवाय वय बदलत नाही आणि बिल रद्द करणारी बाई सुट्टीवर! मी म्हटलं, मग परत स्कॅन करा, तर परत पैसे भरावे लागतील.

शेवटी पर्समध्ये, कंदी पेढ्याच्या बिलामागे, पहिल्या दिवशीची हाताने लिहिलेली चिठ्ठी सापडली, निळ्या पेनाने ठळक 52. ती त्या पोरासमोर काउंटरवर ठेवली आणि काही न बोलता उभी राहिले. स्कॅन मशीनमध्ये होताच, टेक्निशियनने जन्मतारीख बदलली, प्रिंट काढली, दोन मिनिटं. झेड-स्कोर उणे 1.9 चा उणे 1.1 झाला. तीन आठवडे कशाला लागले मग?

तर चिठ्ठी फेकू नका, आणि स्कॅनआधी स्क्रीनवरचं नाव, वय, बाई की पुरुष हे स्वतः वाचा. मंगळसूत्र, हुकाचे कपडे घरी ठेवा, नाडीचा पायजमा बरा. शिबिरात टाचेवर मशीन लावून सांगतात त्यावर औषध सुरू करू नका, कमरेचा आणि खुब्याचा डेक्सा मागा.

रूममध्ये पहिल्याच दिवशी बोटावरचं यंत्र रक्तातला ऑक्सिजन 88 टक्के दाखवत होतं, मी साधी चालत होते तरी पदर भिजला. आठवड्यातून दोनदा स्वारगेटची एसटी, खंबाटकीत झोप लागते. डॉक्टर म्हणाले आता वर्षाने परत डेक्सा, आणि तो त्याच मशीनवर, नाहीतर आकडे जुळत नाहीत. म्हणजे पुन्हा तेच काउंटर, तोच पोरगा.